चेंडू फ्रेममध्ये नाही

"तो आला का तुमच्या कॅमेऱ्यात?"

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, तेव्हा मी फोटो पुसत होते. बेसबॉलच्या सामन्याचा आठवा डाव मध्येच थांबला होता, नवा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हात मोकळा करत होता, बॅटरीची एकच रेघ उरली होती आणि कार्ड भरत आलं होतं. अशी फट मिळाली की मी नेहमी हेच करते. कॅमेरा मांडीवर, पडद्यावर हाताची सावली, आणि एकेका फोटोवर खूण करत जायचं. चेंडू फ्रेममध्ये नाही, खूण. चेंडू फ्रेममध्ये नाही, खूण. निवडलेले २८ फोटो पुसायचे का, असं कॅमेऱ्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. जुलैतली दमट संध्याकाळ होती, तळणाचा आणि पाणी मारलेल्या मातीचा वास एकत्र येत होता, आणि मला घाई होती.

गृहस्थ साठीच्या आसपासचे. डोक्यावर विटलेली टोपी, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गुणफलकाचा कागद आणि हातात पेन्सिल. ते कोणाचे तरी कोणी आहेत हे मला आधीच कळलं होतं. पाहुण्या संघाच्या डगआउटमागे, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेमागे, बसून एखाद्या नवख्या पिचरचा प्रत्येक चेंडू जे उभं राहून बघतात, ते बहुधा घरचेच असतात. "माझा मुलगा," ते म्हणाले. ओहायोहून आठ तास गाडी चालवून आले होते. मुलाने एकोणीस चेंडू टाकले, एकाला बाद केलं, तीन धावा दिल्या आणि मॅनेजरने, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने, त्याला परत बोलावलं. एवढ्यासाठी आठ तास. मी माझा सगळ्यात चांगला फोटो काढून दाखवला. चेंडू नुकता बोटांतून सुटलेला, लाल शिवण मोजता येईल इतकी स्पष्ट, हात ताणलेला, मागचा पाय हवेत. मला त्या फोटोचा अभिमान वाटत होता. त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ बघितलं.

"फोटो छान आहे. पण तो असा दिसत नाही."

खरंच होतं. चेंडू सोडण्याच्या क्षणी कुठलाच पिचर स्वतःसारखा दिसत नाही. दात आवळलेले, एक गाल फुगलेला, डोळा अर्धा मिटलेला. "नंतरचा आहे का एखादा? मॅनेजर यायची वाट बघत उभा होता ना, तेव्हाचा?" त्यांनी विचारलं. तो फोटो होता. मिनिटभरापूर्वीपर्यंत होता. मी म्हटलं, "नाही, तो नाही घेतला." त्यांनी मान हलवली, कागदाचा कोपरा फाडून त्यावर ईमेलचा पत्ता लिहिला, "मग हाच पाठवा, त्याच्या आईला दाखवीन," म्हणाले आणि पुढे वळले. नववा डाव सुरू झाला. मी आणखी साठेक फोटो काढले. गाडीत बसल्यावर मात्र ते "नाही घेतला" घशात अडकल्यासारखं झालं. घेतला होता. घेऊन पुसला होता.

बेसबॉलचे फोटो मी काढायला लागले त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. ब्रिजवॉटरला बालाजीचं देऊळ आहे, न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांना ते वेगळं सांगायला नको. एका शनिवारी देवळाच्या कँटीनमध्ये डोसा खाऊन घरी निघालो आणि वाटेत मैदानाचे दिवे लागलेले दिसले. १९९९ पासून ते तिथे आहे, शेजारूनच रॅरिटन व्हॅलीची रेल्वे जाते. मुलांचा हट्ट म्हणून आत गेलो. खेळ मला कळला नाही, पण प्रकाश कळला. सूर्य खाली जात असताना मातीचा तांबडा रंग आणि गवताचा हिरवा रंग एकमेकांशेजारी असे पेटतात की कॅमेरा घरी ठेवून आल्याचं मला दुःख झालं. पुढच्या खेपेला घेऊन गेले आणि मग जातच राहिले. २०२१ पासून इथला संघ न्यू यॉर्कच्या यांकीज या मोठ्या संघाचा डबल-ए संघ झाला, म्हणजे मेजर लीग या सगळ्यात वरच्या पातळीच्या दोन पायऱ्या खाली. इथली मुलं बहुतेक विशीतली. त्यांच्यातली बरीच वर पोचत नाहीत. त्यांचे फोटो काढणारं कोण असतं? एखादा स्थानिक वार्ताहर, आणि माझ्यासारखी तिकीट काढून आलेली कोणीतरी.

क्रिकेट बघत वाढलेल्या डोळ्याला या खेळाचे फोटो काढणं सुरुवातीला फार जड जातं. अंतर तसं जवळपास सारखंच. आपल्या बावीस यार्डांचे सहासष्ट फूट होतात, इथे साठ फूट सहा इंच. पण क्रिकेटचा चेंडू टप्पा घेतो आणि त्या टप्प्यावर फोटो काढणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा मिळते. इथे टप्पाच नाही. ताशी ९५ मैलांचा चेंडू हातातून सुटून बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात, आणि बॅट-चेंडूचा स्पर्श टिकतो जेमतेम एक सहस्रांश सेकंद. माझा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण हिशेब मांडला की कळतं, एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत तो चेंडू सात फूट पुढे गेलेला असतो. म्हणून बटण दाबून ठेवण्याचा उपयोग नाही. बॅटरचा पुढचा पाय जमिनीला टेकला की दाबायचं. लाकडावर चेंडू बसल्याचा आवाज ऐकून दाबलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या तीन उन्हाळ्यांत मला बॅटवर टेकलेल्या चेंडूचा एकही फोटो मिळाला नाही. चौथ्या उन्हाळ्यात एक मिळाला. चेंडू चक्क चपटा झालेला दिसत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर मात्र माझ्या फोटोंना एकच कसोटी उरली. चेंडू फ्रेममध्ये आहे की नाही.

दिव्यांचंही एक वेगळंच शास्त्र आहे. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ फेरे घेते, त्यामुळे मैदानावरचे जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला एकशे वीसदा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटलं की एकाच झपाट्यात घेतलेल्या चार फोटोंपैकी एक पिवळट, एक निळसर, एक काळवंडलेला आणि एकच नीट, असं होतं. सुरुवातीला वाटलं कॅमेरा बिघडला. मग ही गंमत कळली आणि त्या चुकलेल्या रंगांची चटक लागली. त्या पिवळट फोटोंत मुलं सत्तर सालच्या अल्बममधली वाटतात.

आणि जाळी.

२०१७ च्या सप्टेंबरात यांकी स्टेडियममध्ये एक जोरदार फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, चेंडू एका लहान मुलीला लागला आणि त्यानंतर सगळ्या तीस संघांनी पुढच्या हंगामापासून संरक्षक जाळी डगआउटच्या पार टोकापर्यंत नेली. इथेही पुढच्या सगळ्या चांगल्या जागा आता जाळीमागे आहेत. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा माझ्या मनात आलं, संपलं, आता काय फोटो निघणार. दुसऱ्याच क्षणी त्या मुलीची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली. जाळी हवीच. तिच्याशी जमवून घ्यायचं असतं. तिच्या अगदी जवळ बसायचं, ऍपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडायचं, म्हणजे धागे विरघळतात. मात्र फोकसची नजर क्षणभर ढळली तर तो खेळाडू सोडून जाळीची गाठ पकडतो. माझ्याकडे असे शेकडो फोटो होते ज्यांत एक गाठ दोरा न दोरा दिसेल इतकी लख्ख आहे आणि मागे कोणीतरी धूसर माणूस धावतोय. ते सगळे पुसले.

आप्पांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. मिरजेत, आमच्या लहानपणी. १२० ची रीळ, तिच्यात बारा फोटो. गणपतीला घातलेली रीळ दिवाळीपर्यंत पुरवायची. आप्पा शाळेत मास्तर. ते कॅमेरा छातीशी धरून समोरच्या माणसाकडे इतका वेळ बघत राहायचे की माणूस ओशाळा व्हायचा. मी बटणाला हात लावला की म्हणायचे, "उगी दाबू नकोस गं. आधी बघून घे." रीळ धुऊन आली की बाराही फोटो छापलेले असायचे, कारण बारांचेही पैसे मोजलेले असायचे. बिघडलेला फोटो टाकून द्यायची सोयच नव्हती. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये आप्पांचा अंगठा आहे, नुसतं आभाळ आहे, आणि एका फोटोत आत्या आहे. चुलीवर दूध उतू जातंय म्हणून ती नेमकी त्याच क्षणी वळली, त्यामुळे तिची वेणी, खांदा आणि पातेल्याची अर्धी कड एवढंच आलंय. आत्याचे समोरून काढलेले, ताठ बसवलेले तीन-चार फोटो आहेत. ती गेल्यावर भिंतीवर त्यातलाच एक लागला. पण तिच्या मुलाने माझ्याकडे मागितला तो पातेल्याचा.

मैदानं हिंडायला लागले तशी जुन्या फोटोंचीही ओढ लागली. न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात चार्ल्स कॉन्लन नावाचे मुद्रितशोधक होते. १९०४ पासून फावल्या वेळेत ते बेसबॉलचे फोटो काढायला लागले. त्या काळी फोटो काढणारे थेट मैदानात उभे राहायचे. १९१० च्या सुमारास ते तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या तिसऱ्या टप्प्याजवळ, उभे असताना टाय कॉब हा खेळाडू धुळीचा लोट उडवत घसरत आला आणि बेसवरचा जिमी ऑस्टिन, जो कॉन्लनचा स्नेही होता, तोंडावर आपटला. कॉन्लनना आधी काळजी वाटली ती ऑस्टिनला लागलं की काय याची. फोटो निघाला की नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तरी असू दे म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातली काच बदलली, तेव्हा फोटो काचेवर निघायचे. धुतल्यावर त्या काचेवर बेसबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक निघाला. असू दे म्हणून काच बदलणं. वर्तमानपत्राच्या चुका तपासत आयुष्य घालवलेल्या माणसाने आपला एक फोटो न तपासताच जपून ठेवला, याचं मला फार वाटतं.

दुसरा नॅट फीन यांचा. १३ जून १९४८, यांकी स्टेडियम, बेसबॉलचा सगळ्यात गाजलेला खेळाडू बेब रूथ, त्याच्या तीन नंबरच्या शर्टाचा निरोप. रूथ आजारी होता, बॅटचा काठीसारखा आधार घेऊन उभा होता. सगळे फोटोग्राफर त्याच्या समोर. फीन मागे गेले, ढगाळ उजेडात फ्लॅश न वापरता त्यांनी पाठीवरच्या त्या तीनच्या आकड्याचा फोटो घेतला. दोन महिन्यांत रूथ गेला, पुढच्या वर्षी त्या फोटोला पुलित्झर मिळालं. त्यात रूथचा चेहरा दिसत नाही. चेंडू तर नाहीच. हे मला पाठ आहे, मी ते चार लोकांना सांगितलंय, आणि तरी मांडीवर कॅमेरा घेऊन अंगठ्याने खुणा करत बसते.

बॉस्टनला फेनवे पार्कमध्ये उजव्या बाजूच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची लाल आहे. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सने ५०२ फूट लांब मारलेला चेंडू तिथे बसलेल्या एका माणसाच्या गवती टोपीला भोक पाडून गेला होता. तिथे गेले तेव्हा मीही त्या खुर्चीचे फोटो काढले. पिट्सबर्गला गेले तेव्हा नदी, पिवळा पूल आणि त्यामागच्या इमारती असा सगळे काढतात तोच फोटो काढला. मन मात्र तिथे वेगळीकडेच गेलं. २००८ च्या नोव्हेंबरात इथल्याच संघाने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या वाराणसीच्या आसपासच्या दोन मुलांना करारावर घेतलं होतं. भालाफेक करणारी मुलं, वर्षभरापूर्वीपर्यंत बेसबॉल हातात न धरलेली. नदीकाठच्या त्या मैदानावर खेळायची वेळ दोघांवरही आली नाही, ती खालच्याच पायऱ्यांवर खेळली. कुठल्या तरी लहान मैदानात तीही अशीच पिचरच्या उंचवट्यावर उभी राहून मॅनेजरची वाट बघत असतील. वाराणसीहून आठ तासांत गाडी चालवत तिथे कोणी पोचणार नव्हतं.

हे वाट बघणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिचरला काढायचं ठरलं की मॅनेजर डगआउटमधून चालत निघतो. धावत नाही. पिचरने जागा सोडायची नाही, चेंडूही टाकून द्यायचा नाही. मॅनेजर समोर येईपर्यंत उभं राहायचं आणि चेंडू त्याच्या तळहातावर ठेवायचा. मगच खाली उतरायचं. एरवी आता पिचरला उभं राहायला वेळ नाही. डबल-एला २०१५ पासूनच असलेलं चेंडू टाकण्याचं घड्याळ २०२३ मध्ये मेजर लीगलाही लागलं. बेसवर कोणी नसेल तर आता पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. त्या एका वर्षात मेजर लीगचा सामना सरासरी चोवीस मिनिटांनी आटोपशीर झाला. लोक खूष आहेत, मुलांना लवकर घरी नेता येतं. मला मात्र ती चोवीस मिनिटं आठवतात. उंचवट्याभोवती फेरी मारणारे, चेंडू हातात फिरवत उगाच आभाळाकडे बघणारे, टोपी काढून बाहीने कपाळ पुसणारे पिचर त्या चोवीस मिनिटांत राहायचे. आता ते दिसतात फक्त मॅनेजर चालत येतो तेवढ्या वेळात. तेवढ्यात चेंडू टाकायचं घड्याळ त्यांच्यावर नसतं. आणि नेमके तेच फोटो मी घेते आणि पुसते.

घेते, कारण बोट ऐकत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी कार्ड संगणकाला लावलं. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्याची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. तिथे दुसरा येऊन बसेपर्यंत तो असतो. मी नवव्या डावाचे साठ फोटो काढले नसते तर सगळे अठ्ठावीस परत मिळाले असते. पहाटे दोनपर्यंत बसून एकोणीस मिळाले. बहुतेक पाठमोरे, पायऱ्या उतरतानाचे. चेहऱ्याचा एकच होता, तोही अर्धा. वरचा अर्धा भाग स्वच्छ, छातीपासून खाली सपाट राखाडी. टोपीची कड, घामाने कानाला चिकटलेले केस, डोळे डगआउटच्या दिशेला. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. घरी कोणी येणार असलं की माणूस दाराकडे बघत उभा राहतो ना, तसं काहीतरी. जाळीचा एक धागा गालावरून तिरका गेला होता. एरवी तेवढ्यावरूनही मी तो पुसला असता.

तीन दिवस मी तो पाठवू शकले नाही. नुसता चेंडूचा पाठवून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं. शेवटी दोन्ही पाठवले आणि खाली लिहिलं, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, हा फोटो मी घेतला होता आणि तुम्ही विचारण्याच्या मिनिटभर आधी पुसला होता, परत मिळाला तो एवढाच मिळाला, मला क्षमा करा. चार दिवसांनी उत्तर आलं. क्षमेबद्दल अक्षर नाही. आभार होते, हा तोच आहे असं होतं, त्याच्या आईने छापून घ्यायला सांगितलंय असं होतं. आणि शेवटी एक प्रश्न. राखाडी भागात चेंडू कोणाच्या हातात आहे? दिलाय, की अजून त्याच्याकडे आहे?

मला सांगता येईना. इतक्या लांबची गोष्ट लेन्सने हाताशी आणून दाखवलेली, मी स्वतः डोळा लावून बघितलेली, आणि मला काही आठवत नव्हतं. बाकीच्या अठरांचा उपयोग नव्हता, ते सगळे नंतरचे. मग वाटलं, खांद्यावरून कळेल. चेंडू हातात असताना खांदा कसा असतो आणि दिल्यावर कसा, हे जुन्या फोटोंशी ताडून बघू. दहा-बारा वर्षांचे फोटो उघडून बसले. हजारो. चेंडू हवेत, चेंडू बॅटवर, चेंडू कॅचरच्या हातमोज्यात. वाट बघत उभा असलेला पिचर एकाही फोटोत नाही.

पुढच्या मंगळवारी मैदानात गेले. त्याच बाजूला, जाळीला नाक लागेल अशी जागा घेतली. पहिल्या पाच डावांत कॅमेरा मांडीवरच ठेवला. सहाव्या डावात इथल्या संघाचा पिचर काढला, तेव्हा मॅनेजर पायरी चढल्यापासून बघत राहिले, आप्पा बघायचे तसं. मुलाने चेंडू हातमोज्यात धरून पोटाशी घेतला होता. कोपर अंगाला चिकटलेलं, उजवा खांदा किंचित वर. मॅनेजर समोर आला, हात पुढे गेला, आणि चेंडू सुटल्याबरोबर तो खांदा खाली आला. जरासाच. आठव्या डावात पाहुण्या संघाचा पिचर काढला, तोही उजव्या हाताचाच. पुन्हा तेच, खांदा आधी वर, मग खाली. दुसऱ्या खेपेला मी फोटोही घेतले, एकतीस.

सामना संपल्यावर गाडीत बसून फोनवर तो अर्धा फोटो मोठा करून पाहिला. रेल्वे शिट्टी देत गेली, पार्किंग रिकामं होत आलं. कानाखाली शर्टाची शिवण जिथे खांद्याला मिळते तिथे एक घडी पडली होती, खांदा उचलून धरला की पडते तशी. मी उत्तर लिहिलं, "अजून त्याच्याच हातात आहे."